अनसाक्काची मूठ

दुपारची जेवणं उरकतात. दुकानाची फळी अर्धी ओढून अनसाक्का गल्ल्याशेजारी आडवी होते. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं ती रोज म्हणते. आतल्या खोलीत नात केतकी बॅग भरतेय. पाचच्या एसटीनं पोरीला मामाकडे धाडायचं, हे अनसाक्कानं ठरवलंय, आणि तिनं ठरवलं की घरात कुणी ब्र काढत नाही. कासाराचं दुकान, आणि पोर अशी की मनाला लागलं की आसपासची काच आपोआप तडकते! मंगळवारी एक गिऱ्हाईक तिला काहीतरी बोललं, पोरीनं मान खाली घातली, आणि हिरव्या बांगड्यांचे चार डबे जागच्या जागी चुरा.

मिरजेच्या समुपदेशक बाईंकडे दोनदा नेलं. बाई म्हणाल्या, "तिला मनातलं बोलू द्या. अंग सैल सोडायला शिकवा."

"आमच्यात पोरी सैल सोडत नाहीत," अनसाक्का तिथंच म्हणाली, आणि घरी येऊन तिनं आपलं औषध दिलं: राग आला की मूठ आवळ आणि गप्प बस.

पेंग येते. कुठंतरी बांगड्या किणकिणतात.

आता गिऱ्हाइकाच्या पाटावर अनसाक्काच बसलीय. समोर बांगड्या भरायला आत्याबाई, तिची सासू. जाऊन एकोणीस वर्षं झालीत, पण कपाळावरचं कुंकू अजून ओलं आहे.

"हात दे."

"मला कशाला? तुमचा लेक जाऊन सात वर्षं झाली. विधवा बाई मी, काच घालते का?"

"मेलेली सासू चालते तुला, बांगडी चालत नाही होय?"

अनसाक्का नजर चुकवून भिंतीकडे बघते. भिंत तर मिरजेच्या बाईंच्या खोलीची आहे, फिकट निळी, घड्याळासकट. खिडकीबाहेर एसटी स्टँड. स्टँडावर घोट्याएवढं पाणी, पाण्याखाली हिरव्या काचा.

आत्याबाई तिचा हात चोळतात, अंगठा तळव्यात दुमडतात. बांगडी बोटांच्या पेरांपाशी अडते.

"मूठ सोड."

"सोडलीय."

"डोंबल सोडलीय! आवळलेल्या हातात बांगडी कधी गेलीय का गं? चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच सांगतेस, आणि पोरीला मूठ आवळायला लावतेस?"

"तुम्हाला काय ठाऊक तिचं?"

"आपल्या घरात आरसा का टिकायचा नाही?"

"मांजरानं पाडला म्हणायच्या तुम्ही."

"चार आरसे. आणि मांजर कुठं होतं आपल्याकडे?"

अनसाक्का आठवून बघते. खरंच, मांजर कधीच नव्हतं.

"म्हणजे तुम्हीच फोडायच्या? मग थांबलं कसं?"

"दिवसाला पन्नास हात धरायची मी. बायका सैल पडायच्या, बोलायच्या. मीही बोलायची. बोलता बोलता आतलं निवायचं. ती मिरजेची बाई वेगळं काय म्हणाली?"

"पण लोक काय म्हणतील..."

"लोकांचं राहू दे. तुझं सांग."

घड्याळ थांबतं. पाणी आता पाटाशी आलंय.

"भ्या वाटतं, आत्याबाई. सख्खी नात, पण तिच्याजवळ बसायचं मला भ्या वाटतं."

बांगडी सर्रकन आत जाते.

"आजी, साडेचार झाले."

दारात केतकी, खांद्यावर बॅग. अनसाक्का उठून बसते. डबे सगळे बंद. तिच्या डाव्या मनगटात मात्र एक हिरवी बांगडी आहे, पोरीबाळींच्या मापाची, तिच्या अंगठ्यावरून कधीच न जाणारी.

केतकीची नजर तिथंच जाते. "आजी, हे काय?" तिच्या मुठी वळतात. कपाटाच्या काचा बारीक हादरायला लागतात.

अनसाक्का पाट पुढे सरकवते.

"बस. हात दे."

"नको. तुझी फुटेल. लागेल तुला."

"लागू दे. मूठ सोड आधी." अनसाक्का तिचा हात ओढून घेते आणि गिऱ्हाइकाचा चोळावा तसा चोळू लागते. काचा किणकिणू लागतात, पण ती हात सोडत नाही. "आता सांग, मंगळवारी ती भवानी काय म्हणाली तुला?"

केतकी आधी रडते, मग बोलते. स्टँडावर पाचची एसटी हॉर्न देते आणि निघून जाते. कपाट किणकिणत राहतं. अनसाक्काच्या मनगटावरची बांगडी पोरीच्या प्रत्येक शब्दाला थरथरते, आणि फुटत नाही.