दोन गेट, दोन घड्याळं

गेल्या मंगळवारी अंबरनाथला, आमच्या कंपनीत, मला आयुष्यातला पहिला मेमो मिळाला. खरं सांगते... अजिबात वाईट वाटलं नाही.

झालं असं. मी पॅकिंगला आणि माझी मैत्रीण गीता लॅबमध्ये. मी बेलवलीहून येते, ती उल्हासनगरहून. स्टेशनबाहेर भेटून एकाच रिक्षाने कंपनीत जातो. पुढे ती मागच्या गेटने आत जाते, मी पुढच्या. दोन्हीकडे अंगठा टेकवून हजेरी लावायचं मशीन आहे. चालायचं अंतर सारखंच. तरी दोन महिने मला लेट मार्क आणि ती रोज वेळेत! तीन लेट मार्क झाले की हाफ डे गेला...

एचआरच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, मशीन खोटं बोलत नाही. तुम्हीच जरा लवकर निघत जा."

घरी येऊन चिडचिड केली. लेक प्राची बीएस्सीला आहे, फिजिक्स. ती म्हणाली, "आई, दोन ठिकाणी काय 'एकाच वेळी' झालं हे ठरवायचं तर आधी दोन्हीकडची घड्याळं जुळवावी लागतात. आणि प्रचंड वेगात जाणाऱ्याला तर तेही एकाच वेळी झालेलं दिसत नाही."

"मी रिक्षाने जाते गं, रॉकेटने नाही!"

पण डोक्यात किडा वळवळायला लागला... मी वस्तीतल्या लेझीम पथकात आहे. मोठ्या मिरवणुकीत पुढची शिट्टी मागच्या रांगेला किंचित उशिराच ऐकू येते. म्हणून आम्ही कानावर विसंबत नाही, पुढचीच्या हाताकडे बघतो. म्हणजे हा घोळ फिजिक्सला माहीत, लेझमीला माहीत... फक्त एचआरला माहीत नाही!

मंगळवारी गीता तिच्या मशीनसमोर, मी माझ्या. व्हिडिओ कॉल लावला. तिने हात वर केला, खाली आणला आणि दोघींनी अंगठा टेकवला.

तिच्याकडे आठ बावन्न. माझ्याकडे नऊ एक. दोघींनी आपापल्या मशीनचा फोटो काढला.

कॉल एखादा सेकंद मागे पडेल हो... नऊ मिनिटं कशी पडतील?

दोन्ही फोटो साहेबांच्या टेबलावर ठेवले. "साहेब, मशीन दोन आहेत. यातलं कुठलं खोटं बोलत नाही?"

साहेबांनी फोटो पाहिले, मला पाहिलं आणि कंपनीत फोन वापरला म्हणून मेमो लिहायला घेतला. घर माझ्या पगारावर चालतं. पण तोंडातून निघून गेलं, "द्या मेमो. फक्त किती वाजता दिला तेही लिहा... आणि कुठल्या गेटच्या घड्याळाने, ते पण."

वेळेची जागा कोरी सोडून साहेबांनी सही केली.

गुरुवारी दोन्ही मशीनवर एकच वेळ दिसायला लागली. कापलेले हाफ डे परत रजेत जमा झाले. मेमो मात्र मागे घेतला नाही. माफीचं पत्र मागितलंय, ते मी देणार नाही. बघू काय करतात.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी साहेब माझं नाव लिहीत होते तेव्हा गीता दारातून आत आली. तिला एकही लेट मार्क नव्हता, तिचं काहीच अडलं नव्हतं. तरी म्हणाली, "साहेब, मेरा भी नाम लिखो. फोन माझा पण होता ना."

गीता, थँक्यू म्हटलं तर शिव्या घालशील... तरी म्हणते.