नळीवरचा अंगठा

आमच्या जुन्या जीपची डिझेलची नळी टाकीजवळ गंजून गळत होती, हे सगळ्या पाड्याला माहीत होतं. बाबा महिनाभर तिला साबण लावून गाडी चालवत होते. कपडे धुवायच्या वडीचा तुकडा गळणाऱ्या जागी दाबून भरायचा आणि वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधायची. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. सूर्यमाळच्या पाड्यांवरून खोडाळ्याच्या बाजाराला माणसं नेणारी आमची जीप त्या साबणावर चालली होती.

त्या शनिवारी दुपारी एक वाजता जव्हारला माझी केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक एकच दिवस येणार होते. चुकली तर वर्ष गेलं. बाबा सोडणार होते, म्हणून मी सकाळची एसटी जाऊ दिली. निघण्याआधी ते नळी बघणार होते. त्यांचा चहा होईपर्यंत आपण थोडी मदत करावी, असं मला वाटलं. खरंच, मदत म्हणूनच. मी जीपखाली शिरले, पट्टी सोडली, तांब्याभर पाण्याने साबण धुऊन काढला आणि तारेच्या ब्रशने गंज घासू लागले. कुठे गळतंय ते त्यांना स्वच्छ दिसावं, एवढंच मनात होतं. चार-पाच वेळा ब्रश फिरला आणि नळी उभी फाटली. गंज आणि साबण, दोघांनी मिळून तिला धरून ठेवलं होतं.

डिझेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं. मी ओरडले. बाबा धावत आले, माझा अंगठा धरून त्यांनी त्या फटीवर आडवा दाबला.

"सोडू नको. कालच टाकी भरलीये."

साबण पुन्हा लावून पाहिला, पण एवढ्या फटीवर तो टिकेना. डिझेल काढून ठेवायला रिकामं भांडं नव्हतं. हंडे होते, पण सगळे टँकरच्या पाण्याने भरलेले, आणि एकदा डिझेल ओतलेला हंडा पुन्हा पाण्याला चालत नाही. बाबांनी शेजारची मोटरसायकल घेतली. रबरी नळी आणायला खोडाळ्याला जायचं होतं.

"अशी अचानक फाटली कशी?" किक मारता मारता त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

तेव्हा नऊ वाजले होते.

जीपखालून जग गुडघ्यापर्यंतच दिसतं. अंगणात आत्याचे पाय दिसत होते. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. ती मोहाची फुलं वाळत घालत होती. आई टँकरच्या रांगेत गेली होती. उताणं पडून हात वर धरला की थोड्या वेळाने तो आपला वाटत नाही. डिझेल थेंब थेंब बाहीत उतरत होतं, काखेत झोंबत होतं. कोणाला बोलवावं तर काय झालं ते सांगावं लागलं असतं.

"कॉलेजात हेच शिकवतात का गं?" आत्या म्हणाली. "गाडीखाली निजायला?"

मी दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला.

बाजाराला निघालेले कोणाचे तरी चपला घातलेले पाय आले. "आज जीप जाणार का, बाई?"

"जाईल की," आत्या म्हणाली. "इंजिन खाली झोपलंय. उठलं की जाईल."

पाय हसत निघून गेले. मी हसले नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. मोटरसायकलचा आवाज आला की वाटायचं बाबा आले, आणि आवाज पुढे निघून जायचा. खोडाळ्यात नळी मिळाली नसेल, मोखाड्याला गेले असतील. मी मनात प्रयोगाच्या पायऱ्या म्हणत होते, आणि तिसऱ्या पायरीला अडकत होते.

अकराला शाळा सुटली. आमच्या शाळेचे गुरुजी शनिवारी जव्हारला घरी जातात. त्यांची गाडी अंगणात थांबली. ते वाकले, तेव्हा त्यांचा चेहरा दिसला.

"अगं, तुझी परीक्षा ना आज? चल, बस मागे."

मी नजरेनेच फटीवरचा अंगठा दाखवला.

"बाबा येतील आता," मी म्हणाले.

"कधी येतील? मला थांबता यायचं नाही."

आत्याचे पाय जवळ आले. मग गुडघे, मग लुगड्याचा काचा खोचलेली आत्या स्वतःच, कण्हत, सरपटत जीपखाली आली.

"सरक. मी धरते."

"आत्या, नळी मीच..."

"तांब्या इथंच पडलाय रिकामा. मला दिसत नाही व्हय? पाण्याची एवढी टंचाई, आणि ही गाडीला अंघोळ घालते!" तिचा अंगठा माझ्या अंगठ्याला चिकटून फटीवर आला. डिझेल तिच्या गालावर उडालं. "आता काढ. आणि जा."

कपडे बदलायला वेळ नव्हता. जर्नल आणि ॲप्रन घेतला, बाहीवर ओढणी गुंडाळली आणि मी गुरुजींच्या मागे बसले.

खोडाळ्याच्या अलीकडे बाबा समोरून आले. गळ्यात काळ्या रबरी नळीचं वेटोळं होतं. मला पाहून त्यांनी एक हात सोडला आणि अंगठा उभा करून हलवला. नळीवर कोण आहे, असं विचारत होते.

"आत्या!" मी ओरडले. त्यांची मान हलली. ऐकू गेलं म्हणून, की खड्ड्यामुळे, कळलं नाही.

एकला पाच मिनिटं कमी असताना मी पोहोचले. पिपेटमध्ये द्रावण ओढून वरचं टोक बोटाने बंद ठेवायचं असतं. माझं बोट बधिर आणि तेलकट होतं. दोनदा द्रावण सुटलं. परीक्षकांनी नाक आक्रसलं, पण थांबले. तिसऱ्यांदा जमलं. पुढे मी पास झाले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा जीपखाली नवी नळी दोन क्लिपांनी आवळलेली होती. जुन्या नळीचा गंजलेला तुकडा बाबांनी ओट्यावर ठेवला होता. जेवायला बसल्यावर त्यांनी तो हातात फिरवून पाहिला. "एका जागी चकचकीत झालीये. घासल्यासारखी."

मी भाकरी खाली ठेवली. सांगायला तोंड उघडलं.

"जुनी होती, फाटली," आत्या म्हणाली. उजव्या हाताचा डिझेलचा वास जात नव्हता, म्हणून ती चमच्याने भात खात होती. चमच्याने खाण्यावरून ती मला नेहमी चिडवायची. "पोरीला जेवू दे आधी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि जेवू लागले.