दोन पिशव्या मिरची

धुळ्याहून जळगावच्या एसटीत बसल्या बसल्या नानांनी विचारलं, "भाऊ, तो जळगावचा प्रदीप म्हणे एकही केस हरत नाही?" माझं डोकं तिथंच फिरलं. प्रदीप माझा कॉलेजातला दोस्त. आम्ही दोघंही करसल्लागार. पण लोक आधी त्याच्याकडे जातात, त्याला वेळ नसला की माझ्याकडे येतात. नानाही तसेच आलेले.

नाना दोंडाईचाचे मिरचीचे व्यापारी. ओली मिरची घ्यायची, पथारीवर (मोकळ्या मैदानावर) वाळवायची आणि विकायची. खरेदी-विक्रीचं वजन जुळत नाही, म्हणजे उरलेली चोरून विकली, असा निर्णय तपासणीवाल्यांनी दिला होता. आज अपिलाची सुनावणी. हरलो तर नानांचं दुकान बंद, वर चोर हे नाव कायमचं.

पारोळ्याला नानांच्या दोन मिरचीच्या पिशव्यांपैकी एक उसवली आणि अख्खी एसटी शिंकायला लागली. सांडलेली मिरची मीच ओंजळीने भरली. एरंडोलपर्यंत डोळे चोळत होतो.

जळगावला अपिलाच्या ऑफिसच्या व्हरांड्यात नेमका प्रदीप उभा. शर्टाला एक सुरकुती नाही. "बघू फाईल," म्हणाला. मी देणार नव्हतो, नानांनी दिली.

"काट्याच्या पावत्या शेवटी कशाला गाडल्यास? एकाच मालाचं वाळण्याआधीचं आणि नंतरचं वजन आहे हे. वर लाव."

बरोबर होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. मुकाट्याने वर लावल्या.

अपील ऐकणाऱ्या साहेबांनी माझी चाळीस पानं बाजूला सारून तेवढ्याच पावत्या वाचल्या. नानांना राहवेना. "साहेब, बठ्ठं पानी उडी गयं. चोरी नही शे." (सगळं पाणी उडून गेलं. चोरी नाही.)

"पटतंय," साहेब म्हणाले. "आधीचा निर्णय रद्द करतो. लेखी आदेश येईल."

नानांनी टोपी काढून डोळे पुसले. मला आनंद व्हायला हवा होता. नंतर शेवभाजी खातानाही ते म्हणत होते, "काय मानूस शे तो प्रदीप!" एवढी झणझणीत शेवभाजी, पण मला चव लागली नाही.

धुळ्याला उतरल्यावर नानांनी दोन्ही पिशव्या माझ्या हाती दिल्या. उसवलेली माझी, धड असलेली प्रदीपची. सुनावणीनंतर तो भेटलाच नव्हता, त्यामुळे पुढच्या खेपेला पोचवायची मीच.

घरी आल्यावर वजन केलं. त्याची पुरती दोन किलो, माझी थोडी कमी. नाना चोर नाहीत हे दिवसभर सांगून आलेल्या माणसाने दार लावलं आणि प्रदीपच्या पिशवीतून दोन मुठी आपल्या पिशवीत टाकल्या.

विचारलंच प्रदीपने, तर सांगेन, वाटेत वाळली.