हनुक्क्याच्या दिव्यापुढे गोफण

मी चौथीपर्यंत शिकलो. जसं आठवते तसं लिहितो. जे केलं ते मी केलं. माफी मागायला बसलेलो नाही.

माझ्या डाव्या भुवईवर खोल खाच आहे. ती गोटमारीतली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड गाडतात, त्यावर झेंडा. अलीकडून आम्ही पांढुर्ण्याचे, पलीकडून सावरगावचे, आणि मधात दगड; झाड तोडून झेंडा ज्यानं नेला त्याचं गाव जिंकलं. माझा मोठा भाऊ एका साली त्या झाडापर्यंत पोचला होता. कानशिलावर दगड बसला अन् तो गुडघाभर पाण्यात पालथा पडला. मी त्याला उलटा केला तेव्हा कानातून रक्त येऊन राहिलं होतं. गोफण त्याच्या मुठीत तशीच होती. मेल्या माणसाची बोटं एक-एक करून सोडवली मी.

तेव्हापासून ती गोफण माझ्या खुंटीला. मागच्या पोळ्याला नातू पहिल्यांदा माझ्यासोबत नदीवर उतरला, पाठीवर दोन दगड खाऊनही मागे सरला नाही. मी तिथंच ठरवलं, पुढच्या साली ही गोफण याच्या हातात.

म्हातारी, म्हणजे माझी बायको, हे ऐकून भडकली. "भासरे गेले, तुमचा डोळा जाता-जाता वाचला. आता पोराले बी न्या नदीवर!" भासरे म्हणजे तिचे थोरले दीर, माझा भाऊ. दोन दिवस तिनं माझं ताट आदळून वाढलं. मी ऐकलं नाही.

नातसून आमची अलिबागकडची, बेने इस्राएल. म्हणजे मराठीच बोलणारे यहुदी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. थंडीत त्यांचा हनुक्का असतो. आठ दिवस रोज सांजच्याला एक-एक दिवा वाढवत जायचा आणि तेलातलं खायचं. "आजोबा, इथे केला तर चालेल?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कर न बापा, तेलाले काय कमी हाये." माहेरून तिनं पितळेचा दिवा आणला होता, आठ वाट्यांचा, वर नववी वाटी. शेवटच्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. सावरगावहून इवाईही आले. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील, नातवाचे दुसरे आजोबा. माझी भुवई त्यांच्याच दगडानं फुटली होती. भाऊ कोणाच्या दगडानं गेला ते कोणालाच माहीत नाही. त्यांनाही नसावं. पण त्या दिवशी तेही पलीकडून मारत होते.

दिवे लागले, वडे झाले, अन् नातसुनेनं खेळ मांडला. प्रत्येकानं घरातली नको असलेली एक चीज कागदात गुंडाळून ढिगात ठेवायची. चिठ्ठीवर नंबर. नंबर आला की ढिगातलं एक उघडायचं, नाहीतर दुसऱ्याच्या हातातलं हिसकावून घ्यायचं. "एक वस्तू दोनदाच हिसकावता येते हं. दुसऱ्यांदा ज्याच्याकडे गेली, कायमची त्याची."

"नियम म्हणजे नियम," मीच मोठ्यानं म्हटलं होतं.

तिच्या माहेरी हे हसत-हसत होत असेल. आमच्या गावाला दुसऱ्याच्या हातची चीज घ्यायची एकच रीत ठाऊक. पहिल्याच थर्मासवर नातू आणि माझा लेक भिडले. शर्टाची बाही फाटली, लेकाचा ओठ कोपरानं फुटला. रक्त थुंकून तो हसला अन् थर्मास काखेत मारून बसला. नातसुनेचा चेहरा उतरला. "अहो, नुसतं मागायचं असतं!"

"मागून कोन देते वो पोरी?" इवाई म्हणाले. सगळे खिदळले. मीही.

मग इवायांचा नंबर आला. ढिगातून वर्तमानपत्राचं पुडकं उचलून त्यांनी टराटरा फाडलं. आतून गोफण निघाली. भावाची. त्यानं बांधलेली गाठ मी अंधारातही ओळखतो.

मी म्हातारीकडे पाहिलं. तिनं नजर खाली केली नाही. "नको असलेली चीज म्हने न? मले नको होती."

इवायांनी गोफण डोक्यावर फिरवली. "वा इवाईबुवा! पांढुर्ण्याचं हत्यार चाललं सावरगावले!"

पुढचा नंबर माझा होता. उठलो. "आना इकडे."

"हात जोडून मांगा न."

मी दोरी धरली. त्यांनी ती मुठीला दोन वेढे मारून घेतली. ओढताना माझा तळवा सोलला. मग मी डोकं हाणलं, सरळ नाकावर. कट्कन आवाज आला. त्यांनी पितळी लोटा माझ्या भुवईवर, त्याच जुन्या खाचेवर आदळला. डोळ्यात रक्त उतरलं. दोघं गडबडत दिव्यांवर गेलो. जळतं तेल मांडीवर सांडलं, धोतरानं पेट घेतला, सून ओरडून पाणी टाकून राहिली होती. इवायांनी माझ्या मनगटाला दात लावले. मी त्यांच्या पोटात गुडघा घातला, दोन वेळा. गोफण सुटून माझ्या हातात आली. खेळाप्रमाणे तिथं थांबायचं होतं. पण ते खाली पडल्या-पडल्या हसले, "चोरून नेली रे पांढुर्णेवाल्यानं!" मी पायाशी पडलेला तो हनुक्क्याचा दिवा उचलून त्यांच्यावर भिरकावला.

मधात नातू आला.

दिवा त्याच्या कानशिलावर बसला. तो गुडघ्यावर खाली आला. कानाकडून रक्ताची धार मानेत उतरली. कानातून येते की कानावरून, मला कळेना. मी तिथंच उभा राहिलो, नदीत उभा होतो तसा. म्हातारी किंचाळली ते दुरून ऐकू आलं.

"डोळे उघडा! माझ्याकडे बघा!" नातसून त्याला हलवत होती. त्यानं डोळे उघडले. "दिसून राहिलं मले," तो म्हणाला. तिनं पदर त्याच्या डोक्याला दाबून धरायला सासूला सांगितलं अन् उठून माझ्यापुढे आली. हातात चिठ्ठी.

"आता माझा नंबर आहे, आजोबा. मी ही हिसकावते."

मी मूठ सोडली नाही. तिनं माझी बोटं उकलायला घेतली. आधी अंगठा, मग एक-एक. माझं धोतर विझवताना हात तेलानं भाजलेले होते तिचे. मला तिला झटकता आलं असतं. झटकलं नाही.

"दुसऱ्यांदा," ती म्हणाली. "आता कायमची माझी."

"नियम म्हंजे नियम, इवाई," तुटक्या नाकावर दुपट्टा धरून ते खालून बोलले.

"चूप बसा तुम्ही," मी म्हटलं.

नातवाला सहा टाके पडले. तिथं केस येत नाहीत आता. दिव्याची एक वाटी तुटली होती. तो मी सौसरच्या तांबटाकडून झाळून आणला अन् नातसुनेच्या ओट्यावर ठेवला.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून नदीवरचा गलका घरात येऊन राहिला होता. मी तिच्या दारात गेलो. "गोफण दे."

"माझी आहे, आजोबा."

"मालूम हाये. विचारून पाह्यलं."

नातू आतून म्हणाला, "आजोबा, जाऊन राहिलो का आपण?"

"मी नाही बापा," मी म्हटलं, "अन् रिकाम्या हातानं तुले धाडत नाही."

आम्ही दोघं ओसरीत बसलो. गलका वाढला की त्याचा हात कानाकडे जायचा, अन् मी दुसरीकडे पाहायचो.