विमलच्या तीन ट्रंका

यातलं किती खरं घडलं आणि किती मी मागाहून जोडलं, याची खात्री मला देता येणार नाही. मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्यामुळे चूक किती असू शकते हे सांगितल्याशिवाय काही लिहू नये अशी सवय जडली आहे. पण किश्शांचं कापडासारखंच असतं. कुठून तरी एक येतो, ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून आपण घडी घालून ठेवतो, आणि एक दिवस ट्रंकेचं झाकण बसेनासं होतं.

घटनांचा क्रम बहुधा बरोबर आहे. बोलणी जशी कानात राहिली तशी लिहिली आहेत. शेवटचा किस्सा सोडून बाकी सगळं मी विमलला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवलं. ती म्हणाली, “चाललंय. पण मी इतकी बडबड करत नव्हते.”

*

सहा वर्षांपूर्वी विमलला वाचताना ओळीतली मधली अक्षरं दिसेनात. आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू पुसट होत जाईल.”

“किती दिवसांत?” मी विचारलं.

“ते सांगता येत नाही.”

मी तोच प्रश्न आणखी तीन पद्धतींनी विचारला. चौथ्या वेळी विमल म्हणाली, “अहो, सांगता येत नाही म्हणतायत ना ते. व्हायवा घेताय का त्यांची?”

घरी आल्यावर तिनं पायही धुतले नाहीत. पलंगाखालच्या तीन ट्रंका ओढून पुढच्या खोलीत आणल्या. हळदीकुंकवाचे, ओटीचे, आहेराचे ब्लाउजपीस, मागावरून निघालेले टॉवेलचे तुकडे, जुन्या साड्या, मुलाचे शाळेचे शर्ट. पंचेचाळीस वर्षांचं जमवलेलं होतं ते.

“हे सगळं वाकळांत घालून संपवायचं,” ती म्हणाली. “डोळे आहेत तोवर.”

मी म्हटलं, “कुणाला तरी देऊन टाकू या का?”

“माझ्या हातानं जमवलंय. माझ्या हातानंच संपणार.”

मी कागद-पेन घेऊन अंदाज काढला. नऊ वाकळा, म्हणजे गोधड्या, अधिक-उणे दोन. ती म्हणाली, “ते अधिक-उणे तुमच्याकडं ठेवा. नऊ.”

*

दुपारी दोन ते पाच अशी आमची बैठक ठरली. विमल, मी आणि आणखी दोघी. नागव्वा आमच्याकडे भाकरी करायला यायची. ती अक्कलकोटकडची, निम्मं कानडी बोलणारी, आणि वाकळ शिवण्यात आमची गुरू. दुसरी शेजारची शमीम, ब्लाउज शिवणारी. तिचं मशीन तिच्या घरी, पण दुपारी ती आमच्या घरी.

मी काहीतरी उपयोगाचं करावं म्हणून पहिल्या वाकळेचं डिझाइन ग्राफपेपरवर काढलं. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी, कुठला तुकडा किती इंचांचा. तीन दिवस गेले त्यात. नागव्वानं तो कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

“लई चांगलं हाय सर,” ती म्हणाली. “पर ह्यात झोपायचं कुटं?”

मग मी सुई हातात घेतली. प्रत्येक टाका फूटपट्टीनं मोजून घालत होतो. तासाभरात वीतभर ओळ झाली आणि तीही तिरकी. शमीम वाकून बघत म्हणाली, “सर, तुमारा टाका देखको मेरी मशीन बी हसती.”

मला ते पटलंच. मी उसवायला लागलो. विमलनं माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

“उसवायचं नाही,” ती म्हणाली. “उसवायला वेळ नाहीये आपल्याकडं.”

*

ट्रंका रिकाम्या व्हायच्या तर नवं कापड घरात येता कामा नये, असा नियम झाला. तो मी मोठ्या अक्षरांत लिहून कपाटावर चिकटवला. पण आमच्याकडे कुणा सवाशिणीला ब्लाउजपीस दिल्याशिवाय घरातून उठू देत नाहीत. विमल एका लग्नाला गेली आणि अकरा पीस घेऊन आली.

“नाही म्हणायचं होतंस,” मी म्हटलं.

“कसं म्हणू? त्यातले दोन तर आपणच दिलेले होते मागच्या वर्षी. ओळखीचे निघाले.”

ते कसे ओळखले, हे सांगायला हवं. आलेला पीस ज्याचा त्यालाच परत जाऊ नये म्हणून विमल प्रत्येक पिसाच्या कोपऱ्यावर बॉलपेननं देणाऱ्याचं नाव लिहून ठेवायची. शिवाय तो कोपरा ओला करून, चोळून, रंग पक्का आहे का तेही बघायची आणि शेरा लिहायची. अकरापैकी दोन पिसांच्या कोपऱ्यांत तिचंच अक्षर होतं.

या पद्धतीत एक धोका होता. तो माझ्यासारख्या माणसाच्या तरी लक्षात यायला हवा होता.

माझी थोरली बहीण, कुसुमताई, पंढरपूरहून आली. तिसरी वाकळ नुकतीच पुरी झाली होती. विमलनं ती कौतुकानं ताईला बसायला अंथरली. ताईनं चहा घेतला, आजूबाजूला पाहिलं, मग चष्मा लावला आणि मांडीखालच्या हिरव्या तुकड्यावरचं मोठ्यानं वाचलं, “कुसुमवन्सं. रंग जातो.”

नागव्वा उठून भाकऱ्या करायला गेली. खरं तर त्या दिवशीच्या भाकऱ्या झाल्या होत्या.

ताईनं तुकड्यावरून हात फिरवला. म्हणाली, “जातोच मेला. मला दिला तेव्हाच शंका आली होती.”

*

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती ताईमुळे नाही. लग्न झालं त्या वर्षी मी विमलसाठी एक राणी रंगाचा पीस आणला होता. मी एकट्यानं दुकानात जाऊन आणलेलं ते पहिलं कापड, आणि बहुतेक शेवटचंही. घरी आणल्यावर ताईनं तो उजेडात धरला आणि म्हणाली, “याचा रंग जाणार.” मी लगेच विमलला सांगितलं, “शिवू नकोस मग. रंग जातो.” तिनं तो कधीच शिवला नाही. आपण निवडलेलं कापड कच्चं निघालं, ही गोष्ट माझ्या मनात उगाच राहिली. दुकानात मी तरी ते कशावरून घेतलं होतं? रंगावरूनच.

ताई गेल्यावर मी गुपचूप तिन्ही ट्रंका तळापर्यंत पाहिल्या. तो पीस नव्हता. शेवटी विमलला विचारलंच.

“कुठला?” ती म्हणाली. “असेल कुठंतरी. संपला असेल.”

*

माझ्या निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सुटाचं कापड तिसऱ्या ट्रंकेत होतं. बारा वर्षं मी ते शिवायचं की नाही यावर विचार करत होतो. रंग राखाडी. तो मला शोभेल का, शोभला तर घालून जाण्यासारखं ठिकाण आहे का, असे प्रश्न होते.

“सोलापूरच्या उन्हात सूट घालून जाणार कुठं तुम्ही?” विमल म्हणाली.

“मला एक दिवस दे. उद्या सांगतो.”

नागव्वानं कात्री लावली होती. एक तुकडा कापून झाल्यावर म्हणाली, “तुमी सांगा की सर सावकाश. मी तवर दुसरा कापते.”

*

मुलगा पुण्याला असतो. आईनं एवढं डोळ्यांना ताण देऊन शिवावं, हे त्याला मान्य नव्हतं. त्यानं ऑनलाइन एक जाडजूड पांघरूण मागवून पाठवलं. मऊ, पांढरंशुभ्र, चेनच्या पारदर्शक बॅगेत. फोनवर म्हणाला, “आई, आता हे वापर आणि ते शिवणं बंद कर.”

“बरं,” विमल म्हणाली.

दिवाळीत तो आला. पहाटे चांगलीच थंडी होती. सकाळी उठून सगळीकडे बघत विचारू लागला, “आई, मी पाठवलेलं पांघरूण कुठंय? एकदाही काढलं नाहीस ना?”

“रोज वापरतोय,” विमल म्हणाली. “आत्ताही तुझ्या अंगावरच आहे. पाचव्या वाकळेच्या आत घातलंय. वरून फार साधं होतं रे ते.”

चेनची बॅग मात्र तिनं आवडीनं जपली. तुकडे ठेवायला.

*

सातवी वाकळ उन्हाळ्यात चालू होती. तुकडे उडतात म्हणून पंखा बंद. चौघंही घामानं निथळत, आणि मांडीवर चार पदरी कापड. पाच वाजले, विमल चहा ठेवायला उठली आणि अख्खी वाकळ तिच्याबरोबर उठली. तासाभरात तिनं वाकळ स्वतःच्या साडीला शिवून टाकली होती. हातभर लांब, नीट, एका रेषेत.

शमीम हसून हसून भिंतीला टेकली. “काकी, अब तुमे बी वाकळ में गिनना पडता.” सगळ्यात जास्त विमलच हसली. मीही हसलो.

मग ती खाली बसली आणि टाके बोटांनी चाचपत राहिली. चहा कुणीच ठेवला नाही.

“किती दिवसांपासून दिसत नाहीये?” मी विचारलं.

“संक्रांतीपासून. मधलं काहीच नाही. कडेनं दिसतं.” मग म्हणाली, “अजून दोन राहिल्यात.”

मला म्हणायचं होतं की सात पुष्कळ झाल्या. अधिक-उणे दोनमध्ये सात बसतात, हेही सांगायचं होतं. नागव्वानं मला बोलूच दिलं नाही. तिनं विमलचा डावा अंगठा धरला, मागच्या ओळीवर आडवा टेकवला आणि अंगठ्याच्या दुसऱ्या कडेला सुई टोचली.

“अक्का, माजी आई चुलीच्या उजेडात शिवायची. तिला कुटं दिसत हुतं? अंगठा सरकवायचा, टाका घालायचा. डोळं कशाला लागत्यात?”

मी रोज सकाळी चाळीस सुया ओवून उशीत टोचून ठेवू लागलो. आणि ओळ भरकटू नये म्हणून मला एक युक्ती सुचली. जिथं टाका घालायचा त्या ओळीवर कापड दुमडून गरम इस्त्री फिरवायची, म्हणजे घडीचा कंगोरा बोटाला लागतो. विमलनं तो चाचपून पाहिला.

“छान लागतंय हो,” ती म्हणाली. “तुमच्या डॉक्टरेटचा घराला झालेला हा पहिला उपयोग.”

*

नववी वाकळ. तिसऱ्या ट्रंकेचा पत्र्याचा तळ दिसू लागला होता. वाकळ कडेकडून शिवत आत येतात, त्यामुळे शेवटची जागा मधोमध उरते, हाताचा पंजा मावेल एवढी. तिथं नागव्वानं मला अडवलं.

“थांबा सर. पोट भरल्याबिगर मिटायचं न्हाय.”

तिच्या गावाकडे शेवटच्या वाकळेचं पोट रिकामं ठेवत नाहीत. आत खाण्याचं काहीतरी आणि घरातलं काहीतरी घालतात, म्हणजे वाकळ पांघरणारा उपाशी राहत नाही. तिनं कडक भाकरीचा तुकडा काढला.

“मुंग्या लागतील,” मी म्हटलं. “उंदीरही येऊ शकतात.”

“येऊ द्यात की. ती बी जेवतील.”

“आता घरातलं,” शमीम म्हणाली.

विमल भिंत धरत आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा पदराखाली काहीतरी होतं. ती मला म्हणाली, “तुम्ही जरा गच्चीवरचे कपडे घेऊन या.”

गच्चीवर कपडे नव्हते. मी ते आधीच आणले होते, आणि तिला ते माहीत होतं. तरी मी गेलो. खाली आलो तोवर पोट शिवून होत आलं होतं. शेवटचा टाका तिनंच घातला. गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि रिकाम्या ट्रंकेत हात घालून चारही कोपरे चाचपले.

“नऊ,” ती म्हणाली.

*

हे चार वर्षांपूर्वीचं. ती नववी वाकळ आम्ही रोज वापरतो. परवा सकाळी विमल तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, “मधे विरलीय. ठिगळ लावा.”

आता आमच्या घरात सुई माझ्याकडे असते. मी उन्हात बसलो आणि मधले टाके उसवले. तेवढे उसवायला परवानगी होती. आत भाकरीचा भुगा होता. मुंग्या लागल्या नव्हत्या. त्याखाली एक कापड, चार घड्या घातलेलं. राणी रंगाचं. कधीही न शिवलेलं. कोपऱ्यावर बॉलपेननं लिहिलं होतं, “यांचा. रंग जातो म्हणतात.” आणि त्याखाली, वेगळ्या शाईनं, “जात नाही.”

“काय निघालं?” विमलनं आतून विचारलं.

“भाकरी.”

“एवढंच?”

“हं.”

मी उठलो, अंगणातल्या नळाखाली तो कोपरा पूर्ण भिजवला आणि खिशातल्या पांढऱ्या रुमालावर जोर देऊन घासला. एकदा नाही, तीनदा. रुमाल पांढराच राहिला.