दारव्ह्याच्या वावरात गोल्फ

दारव्ह्याच्या पाटबंधारे उपविभागात उपअभियंता म्हणून माझी बदली झाली तेव्हा कालव्याचं काम प्रगतिपथावर होतं. चार वर्षांनी तिथून सुटलो तेव्हाही ते प्रगतिपथावरच होतं. मधल्या काळात मोजता येईल अशी जी काही प्रगती माझ्या हातून झाली, ती गोल्फमध्ये.

हे कुणाला सांगितलं की आधी हसू येतं, मग राग येतो. दोन्ही बरोबरच आहे. कापसाचे ते फार वाईट दिवस होते. बोंडअळी, पडलेले भाव, आणि पेपरात रोज जिल्ह्याचं नाव, ज्या कारणासाठी कुठल्याच जिल्ह्याचं नाव येऊ नये त्या कारणासाठी. दर पंधरवड्याला मुंबईहून नाहीतर दिल्लीहून एखादं अभ्यासपथक यायचं. पथक आलं की आम्ही माहिती द्यायचो. पुढचं येईपर्यंत पुढची माहिती तयार करायचो. सिंचन का वाढत नाही याची माहिती गोळा करण्यात इतका वेळ जायचा की सिंचन वाढवायला माणूस मोकळा राहत नसे.

अशातच एक दिवस ऑफिसात कर्नलसाहेब आले. गाव सोडून फौजेत गेलेला शेतकऱ्याचा मुलगा, निवृत्त होऊन परत आलेला. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ, बोलणं मात्र अस्सल आपल्याकडचं. दारव्ह्यापासून थोडं आत त्यांचं बारा एकर वावर होतं. सलग तीन वर्षं पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावून त्यांनी हात टेकले होते आणि जमीन गवताला सोडून दिली होती.

"कालवा माझ्या वावरात कधी येते, एवढंच सांगा," ते म्हणाले.

मी सगळ्यांना सांगायचो तेच सांगितलं. "काम प्रगतिपथावर आहे."

ते खुर्चीतून उठले. "ठीक आहे. तोवर गोल्फ खेळू. तुमचं पोटही लय वाढून राह्यलं."

मला वाटलं, गंमत करतायत. रविवारी सकाळी जीप दारात उभी.

वावरात त्यांनी पाच होल केले होते. हिरवळ ठेवायला पाणी नव्हतं, म्हणून प्रत्येक होलभोवती वाळूत गाडीचं जळकं तेल कालवून ती दाबून घेतली होती. प्रत्येक होलमध्ये बांबूची काठी आणि तिला लाल फडकं, लांबून दिसावं म्हणून. खेळ नऊ होलांचा असतो. तेव्हा दोन फेऱ्या मारायच्या आणि शेवटचा होल सोडून द्यायचा, असा त्यांचा नियम.

पहिला फटका मी मारला तो हवेत. दुसराही. तिसऱ्याला बॉल जागेवर राहिला आणि काळ्या मातीचं भलं मोठं ढेकूळ उडून कर्नलसाहेबांच्या पायाशी पडलं.

"चला," ते म्हणाले, "कालव्याचं खोदकाम तरी सुरू झालं."

त्या दिवशी नऊ होलांना मला नव्वदच्या आसपास फटके लागले. त्यांना चाळीस.

तिथेच हे संपलं असतं, पण जानेवारीत खात्याने आम्हाला प्रशिक्षणाला पाठवलं. जिल्ह्याची परिस्थिती बिकट असल्याने अधिकाऱ्यांची मनं उभारी धरतील असं काहीतरी करावं, असं वरती ठरलं होतं. प्रशिक्षक टाय लावलेले होते. त्यांनी सांगितलं, ध्येय असं हवं की ते मोजता आलं पाहिजे. नोकरीतलं एक आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक, अशी दोन ध्येयं प्रत्येकाने उभं राहून सांगायची. नोकरीतलं ध्येय मी 'कालव्याच्या कामास गती देणे' असं सांगितलं.

"हे मोजणार कसं?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"मोजता येऊ नये म्हणूनच असं म्हटलंय, सर," माझ्या शेजारी बसलेले दुसऱ्या उपविभागाचे उपअभियंता हळूच म्हणाले. मागची रांग हसली. मग घाईघाईने मी दुसरं ध्येय सांगितलं: गोल्फमध्ये नऊ होल पन्नासच्या आत. प्रशिक्षकांना इतका आनंद झाला की त्यांनी मला पुढे बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची. "पन्नासच्या आत आले तर काय होईल?" तिने विचारलं.

"सुधारणा होईल."

"कशात?"

"गोल्फमध्ये."

"बरं," ती म्हणाली आणि वह्या तपासू लागली.

पण मला ते ध्येय चढलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ असा आकडा होता जो खरोखर हलत होता. ऑफिसातले आकडे मीच हलवायचो, हा आपोआप हलायचा. जानेवारीअखेर सत्तर. होळीच्या सुमारास साठ. ड्रॉइंग विभागातला आलेखाचा कागद आणून मी घरी दाराच्या मागे लावला, आणि उतरती रेघ पाहून रोज सकाळी दाढी करताना मला बरं वाटायचं. फटकाही लांब जायला लागला. दोनशे पावलं, कधी त्याहून जास्त. मनगट वळवायची आपली एक खास पद्धत आहे असं माझं मत झालं, आणि ती मी कर्नलसाहेबांनाही समजावून सांगितली. ते ऐकून घ्यायचे. फौजेत वरिष्ठांचं ऐकून घ्यायची सवय असावी.

याच काळात शेजारच्या वावरातले काका धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, येऊन बसायला लागले. धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, साठीतले, हुशार गृहस्थ. खेळाबद्दल ते कधी काही विचारत नसत. नुसते पाहायचे, मी कुठून मारतो, कुठे जातो, काठीजवळ किती वेळ वाकतो. वाकून मी बॉलची रेषा पाहायचो. एका डोळ्याने, मोजणीवाले पाहतात तसं.

फेब्रुवारीच्या शेवटी कर्नलसाहेबांच्या लक्षात आलं की काकांनी आपल्या वावरात, नेमकं आमच्या झेंड्यांच्या रेषेत, संत्र्याची कलमं लावली आहेत. कोरडवाहू जमीन, वर ऊन, आणि काका डोक्यावर पाणी वाहून एकेक कलम जगवत होते.

"काका, या दिवसांत संत्रा?" मी विचारलं.

काका मिश्कील हसले. "राहू द्या जी साहेब. तुम्ही तुमचं काम करा, आम्ही आमचं करतो."

तरी माझी ट्यूब पेटली नाही. ती पेटवली आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी. त्यांनी मला यवतमाळला बोलावून समोर अर्जांचा गठ्ठा ठेवला. दारव्ह्याजवळ कालव्याची आखणी चालू असल्याचं समजलं, झेंडे लागले, उपअभियंता स्वतः दर रविवारी मोजणी करतात. अर्ध्या अर्जांत, आमच्या वावरातून कालवा नेऊ नका. उरलेल्या अर्ध्यांत, आमच्याच वावरातून न्या आणि फळझाडांचा मोबदला धरा.

"कसली आखणी चालू आहे?" साहेबांनी विचारलं.

मला खरं सांगावं लागलं. बाहेर काय चाललंय आणि आपण काय सांगतोय, हे ऐकायला तिथे पथकातलं कुणी नव्हतं एवढंच बरं.

साहेब रागावतील असं वाटलं होतं. ते विचारात पडले. येत्या रविवारी प्रत्यक्ष पाहणी करतो म्हणाले. आले, झेंडे पाहिले, मग माझा गोल्फचा दांडा हातात घेऊन एक फटका मारला. बॉल कोरड्या जमिनीवरून टणाटणा उड्या मारत थेट दुसऱ्या झेंड्यापर्यंत गेला. साहेबांचा चेहरा उजळला. "च्यायला, जमतंय की!" कर्नलसाहेबांनी सलाम ठोकला. पुढच्या तिमाही अहवालात आमच्या उपविभागासमोर 'प्राथमिक आखणी: समाधानकारक' असं छापून आलं. मी ते लिहिलं नव्हतं. खोडलंही नाही.

एप्रिलमध्ये माझे बावन्न झाले. पन्नास आता हाताशी होतं. तेव्हा कर्नलसाहेब म्हणाले, "एकदा नागपूरले चला. खऱ्या मैदानावर खेळून पाहा."

पहाटेच निघालो. ते मैदान पाहिलं आणि आधी मला बूट काढून चालावंसं वाटलं. इतकं गवत, इतकं मऊ, आणि त्यावर फवाऱ्यांतून फिरणारं पाणी. आमच्या कालव्यात येणार असं ठरलेलं पाणी असंच कुठेतरी फिरत असेल, असा विचार मनात आला आणि मी तो लगेच घालवला. बॉल ठेवला, मनगट वळवलं, मारला. चांगला बसला. हवेत गेला, खाली पडला आणि जिथे पडला तिथेच थांबला. शंभर पावलंही नाहीत.

पुन्हा मारला. पुन्हा तेच.

पहिल्या नऊ होलांना मला ऐंशीच्या वर फटके लागले. पुढचे नऊ मी मोजले नाहीत. आमच्याबरोबर खेळणारे दोन गृहस्थ फार सभ्य होते. माझ्या प्रत्येक फटक्याला ते आधी आकाशाकडे आणि मग घड्याळाकडे पाहत.

परतताना जीपमध्ये मी मनगट वळवून वळवून पाहत होतो. मग विचारलं, "असं काहून झालं?"

"काही झालं नाही," कर्नलसाहेब म्हणाले. "हिवाळ्यात आपलं वावर जरा नरम असते. उन्हाळ्यात तापून फरशी होते. बॉल मारा नाहीतर नुसता सोडा, तो धावतेच. तुमचा आकडा उतरला तो जमीन वाळली म्हणून."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही लय खूश होते ना," ते म्हणाले, आणि गाडीचा गिअर बदलला.

मला त्यांचा राग आला नाही. दाराच्या मागचा कागद आठवला आणि माझं मलाच हसू यायला लागलं, ते थांबेना. जमीन जितकी वाळत गेली तितकी माझी रेघ सुधारत गेली होती. जिल्ह्यात पाणी जितकं कमी, तितका मी पुढे. घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. ती पहिल्यांदाच वह्यांतून वर पाहून मनापासून हसली आणि म्हणाली, "तरी मी म्हणत होते, कशात सुधारणा?"

मृगाच्या आधीची गोष्ट. ढग भरून येत होते, पेरणीची लगबग सुरू होती. काकांनी धुऱ्यावरून हाक मारली. आता ते हसत नव्हते.

"साहेब, एक गोष्ट विचारतो, रागावू नका. उरलेल्या तुकड्यात पेरू का तिथेही कलमं आणू? मोबदला कधी हाती येईन?"

माझ्या तोंडावर नेहमीचं उत्तर तयार होतं. प्रगतिपथावर. सवयीच्या शिवीसारखं ते जिभेवर बसलेलं होतं. पण नागपूर अजून ताजं होतं.

"काका, ते झेंडे खेळाचे आहेत," मी म्हणालो. "कालव्याचे नाहीत. कालवा इथून नाही, पलीकडून जाणार आहे, आणि तोही इतक्यात येत नाही. पाचेक वर्षं तरी नाही. माझं ऐकाल तर पेरून टाका."

काकांनी डोक्यावरचा रुमाल काढून झटकला.

"चार महिने तुम्ही लाकडाच्या दांड्यानं काय मोजून राह्यलते मंग?"

"मलाच मोजत होतो."

"आणि मी पाणी वाहून राह्यलतो!" ते ओरडले. "आधी सांगाले काय झालतं जी? तोंड शिवलं होतं काय?"

ते पाठ फिरवून निघून गेले. कर्नलसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढे ऑफिसातही मी कालव्याबद्दल विचारणाऱ्याला अंदाजे वर्ष सांगायला लागलो. साहेब नाराज झाले, शिपायाने डोकं हलवलं, पण विचारायला येणारे लोक एकदाच यायला लागले, पुन्हापुन्हा नाही. बसभाडं वाचायचं त्यांचं.

पावसाळ्यात वावर चिखल झालं, बॉल जिथे पडेल तिथे रुतायचा, खेळ बंद पडला. मी तो बंद पडू दिला. हिवाळ्यात पुन्हा जायला लागलो, तो कागद घरातून काढून टाकल्यावर. काकांच्या वावरात तूर कमरेच्या वर गेली होती. संत्र्याची काही कलमं मेली होती, काही तग धरून होती.

एका सकाळी धुऱ्यावर काका बसलेले दिसले. विस्तवावर गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवलेला, त्यात मीठ घालून तुरीच्या शेंगा उकडत होत्या. मला पाहून त्यांनी नजर वळवली नाही.

"या," ते म्हणाले. "कर्नललेही आवाज द्या. शेंगा थंड झाल्या की मजा नाही राहत."

मी दांडा बाजूला ठेवला आणि खाली बसलो. त्यांनी पळसाच्या पानावर मूठभर शेंगा ओतल्या. बोटं भाजत होती. आम्ही तिघं सोलून खात राहिलो, आणि काका सुनेच्या बाळंतपणाचं सांगायला लागले.