काचेवरचे ठिपके आणि आमची आत्या

आमची आत्या घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापते. तिला एकदा हसू फुटलं की आवरत नाही, हातातली कात्रीसुद्धा नाचायला लागते. अशा वेळी गिऱ्हाइकं निमूट दोन्ही कान झाकून बसतात.

मध्यंतरी तिने मोठ्या हौसेने त्या खोलीला भिंतभर काच बसवली. बाहेरून पाहिलं की अंगणातलं झाड काचेत लख्ख दिसायचं. झालं! दुसऱ्याच सकाळी धाडकन आवाज. काचेतल्या झाडावर बसायला निघालेली चिमणी खाली पडली होती. आत्याने तिला अलगद उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलं. थोड्या वेळाने खोक्यात खुडबूड झाली, बाहेर नेऊन झाकण उघडताच बाईसाहेब भुर्रकन पसार! आत्या अंगणात नाचली.

दुपारी मात्र दुसरी आपटली, ती उठलीच नाही. त्या दिवशी आत्या हसली नाही. आम्ही सगळेच हबकलो.

तिने आतून पडदा लावला, पण बाहेरून झाड दिसायचं ते दिसतच राहिलं. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, घुबडाचं चित्र चिकटवलं, तर पाखरं त्याच्या शेजारी आपटली.

"चिमणी होऊन बघायला हवं," म्हणत आत्या अंगणात गेली. हात फडफडवत धावत आली ती थेट काचेवर! नाक चोळत म्हणाली, "अहो, मलासुद्धा वाटलं, जाता येईल!" आणि मग जी हसत सुटली!

"मग जाता येईल असं वाटायला जागाच ठेवू नकोस," काका म्हणाले.

तिने पांढरा रंग आणला. काचेच्या बाहेरच्या बाजूने, दोन-दोन बोटांच्या अंतरावर ठिपके द्यायला लागली. डोक्याला कलप थापलेल्या, केस कुरळे करायच्या गुंडाळ्या अडकवलेल्या बायका एकेक करत बाहेर आल्या आणि मिळेल ते बोट बुडवून कामाला लागल्या. स्टूल धरून उभ्या असलेल्या काकांच्या टकलावरही कुणीतरी दोन ठिपके दिले.

"अगं, तिथे कोण आपटणार आहे?" काका ओरडले.

रंग वाळतोय तोच एक पाखरू सुसाट आलं. काचेजवळ येताच ते गर्रकन वळलं आणि छपरावरून निघून गेलं. असा कल्ला झाला की शेजारीण धावत आली.

"आमच्याकडेही द्या ना ठिपके!"

आत्या रंगाचा डबा घेऊन तशीच निघाली. मागोमाग ओल्या केसांची गिऱ्हाइकं, खांद्यावर टॉवेल टाकून, शेजारणीकडे.